मागचा खांदा

पोशाला त्या रात्री एक कुत्रा नेरळहून माथेरानला पोचवायचा होता. कामात नवं काही नव्हतं. पावसाळ्यात छोटी गाडी बंद, साहेबलोकांना डोंगर चढवत नाही, मग आमच्या ठाकरवाडीतल्या पोरांचे खांदे असतातच की! मडमा वाहून झाल्या, त्यांच्या पेट्या वाहून झाल्या, आता कुत्रा. हसताय? हसा. पोशा मला चांगला ठाऊक होता, त्याच्याच तोंडून मी हे ऐकलंय, आणि सांगताना तो एकदाही हसला नव्हता.

साल एकोणीसशे तीस. भाद्रपद वद्य अष्टमी, सोमवार. पितरांचा पंधरवडा चालू. सकाळी वाडीतली आणि कडावकडची मिळून शे-दीडशे माणसं राखीव जंगलात गवत कापायला गेली होती. सरकारची बंदी होती, म्हणूनच गेली होती. जंगल आमच्या बापजाद्यांचं, आणि गवताच्या काडीला हात लावला की आम्ही चोर! जंगलखात्याचा गोरा साहेब घोड्यावरून आला. मागे बंदूकवाले शिपाई, आणि पुढे त्याचा लाडका कुत्रा, ड्यूक. वासराएवढा होता. साहेबानं 'छू' म्हटलं आणि तो बायांच्या घोळक्यात घुसला. कुणीतरी दगड हाणला. कुत्र्याचा पाय मोडला. साहेबाचं डोकं फिरलं, आणि गोळ्या सुटल्या.

राज्य माणसं चालवतात, असं तुम्हाला शाळेत शिकवतात ना? त्या दिवशी आमच्या तालुक्यातलं राज्य एका कुत्र्याच्या मोडक्या पायावर चाललं होतं.

गोळी लागली पोशाच्या धाकट्या भावाला, लडकूला. पोटात. त्याला कर्जतच्या दवाखान्यात हलवावं, तर वाडीत शिपाई येऊन बसलेला. "साहेबाच्या चिठ्ठीशिवाय दंगेखोराला हलवायचं नाही," म्हणाला. आणि साहेब तर केव्हाच वर माथेरानच्या बंगल्यावर गेलेला. पोशा धावत नेरळला गेला आणि डोलीवाल्यांच्या मुकादमाच्या पाया पडला. मुकादम सदू मान खाली घालून म्हणाला, "साहेबाचा निरोप हाय, पोशा. कुत्रा जिता वर पोचव, मंग तो चिठ्ठी देईल. दुसरं माज्या हातात काय नाय रं."

पोशा घरी सांगायला आला. लडकूची बायको चिंधी नवऱ्याच्या पोटावर पदर दाबून बसली होती. ती म्हणाली, "जा दादा. कुत्रा तर कुत्रा. पन चिठ्ठी आना."

दाराजवळच्या खुंटीवर लडकूची नवी चुंबळ टांगली होती. डोलीचा दांडा रुतू नये म्हणून खांद्यावर ठेवतात ती. चिंधीनं सकाळी जंगलातच कापलेल्या गवताची वळली होती, लुगड्याच्या तांबड्या काठानं बांधली होती. पोशानं ती पाहिली, तशीच खुंटीवर ठेवली आणि निघाला.

आता डोलीवाल्यांची रीत सांगतो. पुढचा वाट बघतो आणि ओरडून सांगतो, "दगड," "खड्डा," "निसरडं." मागच्याला डोलीमुळे पायाखालचं दिसत नाही, म्हणून त्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर पुढचा पाऊल टाकत नाही. पोशा पुढे आणि लडकू मागे, अशी सहा वर्षं गेली होती. लडकूची ओ ठरलेली. जिभेनं टक् करायचा आणि म्हणायचा, "हाय, दादा." दुसरी रीत, उचललेली डोली वाटेत टेकवायची नाही. आतलं माणूस मेलं तरच टेकवायची.

त्या रात्री लडकूच्या जागी वाडीतला जैतू होता. नऊ वाजता निघाले. दांड्याला कंदील, डोलीत लोकरीच्या शालीत कुत्रा, त्याच्या पायाला पांढरीशुभ्र पट्टी. ती पट्टी बघून पोशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या भावाला फाटका पदर, आणि ह्याला पट्टी! पण चालणं भाग होतं. कुत्रा मेला तर चिठ्ठी गेली. चिठ्ठी गेली तर लडकू गेला. म्हणून तो त्या कुत्र्याला फुलासारखा जपत होता, आणि दर पावलाला साहेबाच्या सात पिढ्या उद्धारत होता.

"दगड."

"व्हय," मागून जैतू म्हणायचा.

तिसरं वळण आलं.

"डावीकडं निसरडं."

"व्हय..."

मागे गोटे घरंगळले. डोली हेलकावली... आणि सावरली. दांडा खांद्यावर असताना वळून बघता येत नाही. त्यात खालच्या ओढ्याचं पाणी एवढं गर्जत होतं की दुसरं काही ऐकूच येईना. पण डोली चालत होती. उलट हलकी झाली होती.

ओढा मागे पडला.

"जैतू, खड्डा."

ओ नाही.

पोशा थांबला. "जैतू? खड्डा हाय रं."

टक्.

"हाय, दादा."

पोशाच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग राग आला. "जैतू, थट्टा करतो का रं मुडद्या? तो तिकडं मरतोय!"

मागून धापही ऐकू येत नव्हती. पोशा चालू लागला. इतका वेळ कण्हणारा कुत्रा गप्प झाला होता. डोंगरामागून अर्धा चंद्र वर आला.

"दगड..."

टक्. "हाय, दादा."

पोशानं डोळे मिटले. पाय थांबवले नाहीत. चिठ्ठी. चिठ्ठी. चिठ्ठी.

"दादा."

पोशा चालत राहिला.

"टेकव."

"नाय! चिठ्ठी आनायची हाय तुज्यासाठी..."

"टेकव, दादा. आता घाई नाय."

पोशा उभा राहिला. मग गुडघे वाकवले आणि दांड्याचं पुढचं टोक जमिनीवर ठेवलं. वळला.

मागे कुणी नव्हतं.

दांड्याचं मागचं टोक... तसंच होतं. माणसाच्या खांद्याएवढं, वर.

मग ते सावकाश खाली आलं. झोपल्या पोराला ठेवतात तसं. आवाजसुद्धा झाला नाही.

कुत्रा शालीत अंग चोरून थरथरत होता. पोशानं दोन्ही हातांनी धोंडा उचलला. कुत्र्यानं त्याच्याकडे बघितलं. पोशानं धोंडा दरीत भिरकावला. मुक्या जिवाला काय मारायचं? ज्यानं 'छू' म्हटलं त्याच्या टाळक्यात घालायला हवा होता तो धोंडा. मला आजही तसंच वाटतं, आणि हे मी कुणासमोरही बोलेन.

मागच्या टोकापाशी काहीतरी पडलं होतं. पोशानं ते मुठीत घेतलं, कंदील काढला आणि खाली धावत सुटला. तिसऱ्या वळणावर जैतू बसला होता, घोटा सुजलेला.

"दादा, मी इथंच पडलो रं. किती हाका मारल्या! तू थांबलाच नाय... डोली कोन घेऊन गेला तुज्यासंगं?"

पोशा तसाच खाली धावला.

कुत्रा सकाळी साहेबाच्या माणसांना सापडला. जगला. पुढे म्हातारा होऊन मेला, तेव्हा त्याच्यावर नाव कोरलेला दगड बसवला. सरकारी कागदात त्या सोमवारचं एवढंच लिहिलं, साहेबांचा कुत्रा जखमी, जमाव पांगवला. लडकूचं नाव कुठल्याच कागदावर नाही. म्हणून मी सांगत असतो.

पोशा वाडीत पोचला तेव्हा दारात माणसं जमली होती. शिपाई निघून गेला होता. आता राखायला उरलं काय होतं? चंद्र वर आला त्याच वेळी लडकू गेला होता. चिंधी रडत नव्हती. ती खुंटीकडे बघत होती.

"दादा, त्यांच्यासंगं चितेवर ठेवावी म्हनून बघितली, तर चुंबळ नाय. कुनी नेली? मी तर इथून हललेच नाय."

पोशानं मूठ उघडली.

हिरवं गवत, तांबडा काठ. चिंधीनं ती हातात घेतली, उलटीपालटी केली. लडकूच्या खांद्यावर ती चुंबळ एकदाही चढली नव्हती. पण मधोमध ती दांडा रुतल्यासारखी दबली होती, आणि घामानं ओली होती.