औषधाला खूण लागते

परळच्या हॉस्पिटलात इंजेक्शनच्या खोलीबाहेर मनवा आईची वाट बघत बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी झाली आणि एक तरुण तिथे टेकला. त्याच्याबरोबर आलेले म्हातारे गृहस्थ उभेच राहिले.

"ओ मिस्टर, उठा!" मनवा ओरडली. " पेशंटने उभं राहायचं आणि तुम्ही बसायचं?"

गृहस्थ काही बोलणार होते. तरुणाने त्यांना डोळ्यांनीच खुणावून थांबवलं आणि तो निमूट उठला.

"बसा बाबा. ताई रागावल्यात."

"ताई नाही. मनवा."

"मी शंतनु," तो म्हणाला आणि हसला. हसणं चांगलं होतं... मनवाने उगाच पर्सची चेन लावली.

इथे येणारे सगळे मायलोमाचे पेशंट; हा रक्ताचा कॅन्सर बहुतेक उतारवयात होतो. मनवाच्या आईलाही साठीनंतरच झाला. त्यामुळे पस्तिशीतला शंतनु वडिलांच्या सोबतीला येतो, यात शंका घ्यायचं तिला कारणच नव्हतं.

पुढे दर आठवड्याला गाठ पडू लागली. तो गिरगावातल्या फणसवाडीहून यायचा, ती चिंचपोकळीहून, डबा घेऊन.

"बाबांना पण दे हं. सगळं एकटाच गिळतोस."

"बाबांना पथ्य आहे."

"आणि तुला लाज नाही."

"नाही ना. असं जेवण समोर आल्यावर कसली लाज?"

ती लाजायची. घरी जाऊन पुढच्या वेळी काय करायचं ते ठरवायची. आई सगळं बघत होती.

एका मंगळवारी तिने सोलकढी आणली. शंतनुने पेला भरून घेतला आणि एका दमात संपवला.

"एक नंबर! अशी कढी गिरगावात मिळायची नाही."

मनवाने उरलेली तोंडाला लावली आणि बेसिनकडे धावली. नुसतं मीठ! तिने घातलं होतं, तिच्यामागून आईनेही घातलं असणार. ती परत आली ती लाल होऊन.

"पूर्ण पेला प्यालास? थट्टा करतोस माझी?"

शंतनुचा चेहरा उतरला. "खारट होती?"

"म्हणजे... तुला कळलं नाही?"

त्याने हात पुढे केले. नखं सोलवटलेली होती. "पेशंट बाबा नाहीत, मनवा. मी आहे."

तिला आधी ऐकूच आलं नाही. मग तिने त्याची नखं पुन्हा बघितली. ती त्याच्या शेजारी बसली.

"आजाराच्या पेशींवर एक खूण असते," तो हळूहळू सांगू लागला. "औषध ती खूण धरतं आणि पेशी आपल्याच शरीरातल्या सैनिकांच्या ताब्यात देतं. माझ्या पेशी बदमाश. पहिली खूणच टाकून दिली. आता डॉक्टरांनी दुसरी धरलीय, नव्याने सापडलेली. आजार उतरतोय. पण ती खूण थोडी कातडीत, नखांतही असते. त्या औषधानेच जिभेची चव गेली. दोन महिने झाले, सगळं लाकूड लागतं."

"आणि तू दर वेळी माझी तारीफ..."

"तू आणायचीस ना."

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"पेशंट म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. तू ओरडलीस. खूप बरं वाटलं... मग सांगायचा धीरच होईना."

मनवाचे डोळे भरले. तिला राग यायला हवा होता. आली फक्त भीती.

"ही खूणही टाकली तर?"

"तिसरी शोधतायत म्हणे. मिळेल, न मिळेल. म्हणूनच म्हणतो, तुझ्या घरी एक पेशंट आहे. दुसरा नको. पुढच्या वेळेपासून डबा आणू नकोस."

"हे तू ठरवणार?" तिने डोळे पुसले. "आईचा आजार मला विचारून आला नाही. तू तरी विचार."

"काय विचारू?"

"तेही मीच सांगू?"

शंतनुचे वडील, रमाकांतकाका, पाठ करून खिडकीबाहेर बघायला लागले.

"मनवा," त्याने शेवटी विचारलं, "राहशील? जेवढं असेल तेवढं?"

"हो," ती म्हणाली, इतक्या मोठ्याने, की सिस्टरने दार उघडून बाहेर पाहिलं.