रिमोटची तार

खोटं वाटेल त्याला वाटू दे. हे घडलंय, आणि माझ्या सख्ख्या आत्याच्या घरात घडलंय.

१९६६ सालातली एक अमावास्या. बंगळूर, बनशंकरीचं घर. नुकते दिवे लागले होते.

विमलाआत्याचे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी जर्मनीहून आणलेला स्लाइड प्रोजेक्टर हेब्बाळच्या आपल्या घरी न्यायला दीर हयवदनराव आले होते.

"वहिनी, एकट्या बाईला कशाला हे? त्याचा रिमोटही बिघडलाय म्हणे."

"कोण म्हणतं? आत्ता चालवून दाखवते."

"सरी, ठीक आहे. चालला तर मशीन तुमचं. नाही तर मी उचललं."

आत्याचा जीव मशीनमध्ये नव्हताच, एका स्लाइडमध्ये होता. तापाने गेलेली तिची चार वर्षांची क्षमा, लालबागेत हसताना... लेकीचा दुसरा फोटोच नव्हता. यजमान होते तोवर रिमोट कायम त्यांच्या मुठीत. क्षमा भिंतीवर आली की ते लगेच पुढचं बटण दाबायचे. "रडत बसशील," म्हणायचे. आत्याने लेकीला कधी डोळे भरून पाहिलंच नाही.

आत्याने लांब तारेचा तो रिमोट हातात घेतला. पुढे... मागे... दोन्ही बटणं छान चालत होती.

मग क्षमा आली.

खट्...

क्षमा गेली. आत्याने बटणाला बोटही लावलं नव्हतं.

"बघा, बिघडलाय," दीर म्हणाले.

तिने पुन्हा क्षमाला मागे आणलं, आणि लगेच रिमोटची पिन मशीनमधून उपटली. आता कसा बिघडतो ते बघू!

पिन तिने जमिनीवर टाकली.

खट्...

भिंतीवर क्षमा नव्हती. आणि जमिनीवर पडलेलं तारेचं सुटं टोक हळूच सरकायला लागलं... यजमानांच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे.

तार ताणली गेली. आत्याच्या हातातला रिमोट कुणीतरी ओढत होतं.

आत्या घाबरली. पण त्याहून जास्त भडकली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. ते तिने घेतलं, तेही अरे-तुरे करून.

"त्रिविक्रम! सोड! माझीही लेक आहे ती!"

तार सैल पडली.

तिने पिन लावली, मागचं बटण दाबलं. क्षमा आली... आणि थांबली. आत्या तिच्याकडे बघत राहिली.

हयवदनराव चपला तिथेच टाकून कधीच पळाले होते. मशीन मागायला ते पुन्हा आले नाहीत.

आत्या अजूनही अधूनमधून क्षमाला बघते. एकदा मीही सोबत बसलो होतो. त्यानंतर त्या खोलीत मी पाऊल टाकलेलं नाही.

त्या दिवशी क्षमा भिंतीवर आली. मागे आरामखुर्ची करकरली. पिन मशीनमध्ये घट्ट बसलेली होती, तरी तार खुर्चीच्या बाजूला ताणली जायला लागली...

आत्याने मागे वळूनही पाहिलं नाही. तारेचा एक वेढा मनगटाला घातला आणि रिमोट छातीशी धरला.

"ओढ, किती ओढायचं ते," ती म्हणाली.