डाव्या हाताचा टाका

मे महिन्यात अकोल्याच्या रस्त्यांवर दुपारी दोन वाजता कुत्रंही दिसत नाही. म्हणूनच दारात एक पाय उचलून बगळ्यासारखा उभा राहिलेला तो तरुण पाहून प्रणालीला आधी हसूच आलं.

"पाय पुसा अन् बोला काय ते," ती म्हणाली. "पायपुसणं त्याच्यासाठीच असते."

"याच्यावर पाय नाई ठेवू शकत मी..." तो खाली पाहत म्हणाला. "हे माह्या मायचं लुगडं हाये."

प्रणालीचं हसू जागीच विरलं. भांडेवालीकडून जुनी लुगडी घ्यायची, त्यांची पायपुसणी शिवायची, काठ लावून, आरसे जडवून विकायची, हा तिचा उद्योग. पण हे जांभळं लुगडं तिला इतकं आवडलं होतं, की त्याचा पदर कापून, चार घड्या घालून तिनं स्वतःच्याच दारासाठी पायपुसणं शिवलं होतं. मधोमध लाल दोऱ्यानं 'या' असं भरलं होतं.

त्याचं नाव चंदन. गाव तेल्हारा, नोकरी इथे बियाण्यांच्या दुकानात. आई दिवाळीत गेली. जाताना हे लुगडं धाकट्या सुनेसाठी, म्हणजे चंदनच्या होणाऱ्या बायकोसाठी ठेवून गेली, आणि वहिनीनं चुकून ते गाठोड्यात घालून एका स्टीलच्या डब्यावर देऊन टाकलं. भांडेवालीला गाठून तो इथवर आला होता.

"उसवून देते," प्रणाली ओशाळून म्हणाली. "पदर परत जोडता येते. पन टाके बारीक हायेत, दोन-तीन दिवस लागतीन."

"लागू द्या," चंदन म्हणाला, आणि जरा जास्तच लवकर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो आला. प्रणालीची आई, बेबीताई, भाजी विकायला गेलेली. दार सताड उघडं, कूलर घरघरत होता. एक टोक त्यानं धरलं, दुसरं तिनं. टाका कापताना बोटं बोटांना लागत, आणि मग दोघंही उगाच दोऱ्याकडे बघत बसत. अर्धं उसवून झाल्यावर तिनं ते आपल्या पेटीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पेटी उघडली, तर सगळं पुन्हा शिवलेलं.

"मी रोज यावं म्हनून शिवून ठेवता काय तुमी?" चंदन हसला.

"मले काय दुसरे कामं नाईत?" ती लाजली. तो रोज यावा असं तिला वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं; पण टाके काही तिनं घातले नव्हते.

पुन्हा उसवलं. या वेळी पेटीला कुलूप लावून तिनं किल्ली त्याच्याच हातावर ठेवली. चौथ्या दुपारी त्यानं स्वतः कुलूप काढलं. पायपुसणं अख्खं होतं. त्यानं टाक्यांवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"तुमी कोन्या हातानं शिवता?"

"उजव्या. काहून?"

"हे टाके उलटे कलले हायेत, पाहा... माय डावखुरी होती."

दारात कुणी येऊन उभं राहावं तसा उंबऱ्यावरचा उजेड क्षणभर कमी झाला. प्रणालीनं वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"भेव वाटते?" चंदननं विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "पन टाका लय बारीक हाये. रागात असलेल्या बाईचा असा नसते."

चंदननं पायपुसण्याची घडी घातली. मग मान खाली घालून म्हणाला, "रविवारी मोर्शीले पोरगी पाहाले जाचं हाये. दादानं शब्द देल्ला. हे असंच नेतो मी."

"न्या," प्रणाली म्हणाली. उरलेलं लुगडंही तिनं घडी करून दिलं. रोज तो निघताना 'येतो' म्हणायचा. त्या दिवशी 'जातो' म्हणाला, आणि ते तिला दिवसभर टोचत राहिलं.

रविवारी दुपारी ती रिकाम्या उंबऱ्याकडे पाहत बसली होती. तिथे दुसरं पायपुसणं टाकायला तिचा हात धजावत नव्हता. आता तो मोर्शीत पोहे खात असेल, असं ती मनाशी म्हणत होती, तेवढ्यात तो दारात दिसला. काखेत जांभळी घडी.

"मोर्शी...?"

"नाई गेलो." त्यानं ते उंबऱ्यावर उलगडलं. "सकाळी गावात मायच्या पेटीतून काढलं, तं असं."

'या'चा काना उसवलेला होता. वर एक तिरपी मात्रा आली होती, डाव्या हातानं घातलेली. आता तिथे 'ये' असं होतं.

"पाहुण्याले माय 'या' म्हनाची, घरच्याले 'ये'," चंदन म्हणाला. "मी तं घरातच होतो. मंग हे 'ये' कोनाले?" तो उंबऱ्याबाहेरच थांबला होता. "पन माय म्हनते म्हनून नाई आलो, प्रणाली. मले तू आवडते. पहिल्या दिवशी पाय उचलून उभा होतो ना, तवापासून."

पहिल्यांदाच त्यानं तिला 'तू' म्हटलं. प्रणाली खाली बसली. मात्रेच्या टोकाला दोरा सुटा होता, गाठ मारायची राहिली होती, आणि वारा नसतानाही त्याला अडकलेली सुई हलत होती.

"भेव वाटते?" त्यानं हळूच विचारलं.

"हाव," ती म्हणाली. मग तिनं सुई धरली आणि उजव्या हातानं गाठ मारली.