वसंतगीतातल्या गाळलेल्या ओळी

मी जात्याच संशयी. माझ्या गायकवृंदात कोण गातंय आणि कोण नुसतं तोंड हलवतंय, ते मला पाठमोरा असतानाही कळतं. त्यामुळे त्या शनिवारी दुपारी शेजारच्या हेडविगबाईंनी कुरकुर न करता झगा काढून दिला, तेव्हाच मला खटकलं होतं.

आमच्या सायलेशिया प्रांतात ईस्टरच्या तीन आठवडे आधी गवताचा पुतळा करून, त्याला मरण म्हणून नदीत बुडवतात आणि गात गात वसंताला गावात आणतात. मरणाच्या अंगावर झगा चढवायचा तो ज्या घरात शेवटचा मृत्यू झाला त्या घरचा. जित्या माणसाचा चढवला, तर तो माणूसही मरणाबरोबर जातो असं म्हणतात. हेडविगबाईंची नणंद रोझिना नुकतीच गेली होती.

"घ्या मास्तर. तागाचा आहे."

"बाई, तुम्ही आणि मागितल्याबरोबर?"

"टोमणे पुरेत. ओटिली कशी आहे?"

ओटिली माझी मुलगी, आईवेगळी. ऑक्टोबरपासून छाती धरली होती. नदीकाठच्या विलोच्या झाडांना पालवी फुटेपर्यंत तगली तर वाचली, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या वर्षीचं वसंतगीत मी तिच्यासाठीच रचलं. मधल्या चार ओळी तिनं एकटीनं गायच्या. अंथरुणात पडून ती त्या दिवसभर घोकायची, आणि माझा जीव तुटायचा.

रविवारी पुलावरून मरण खाली फेकलं, तसा मी घडीही न मोडता पोरांकडे दिलेला तो झगा वाऱ्यानं फुगला आणि कोपरावरचं निळं ठिगळ दिसलं. ते वाकडंतिकडं ठिगळ मीच लावलं होतं. झगा ओटिलीचा होता!

मी हेडविगबाईंचा दंड धरला.

"तुमच्या दोरीवर वाळत होता..." त्या पुटपुटल्या. "रोझिनाचा अगदी नवा होता हो. पाण्यात घालवायला मन होईना... झग्यानं काय होतंय?"

मी घराकडे धाव घेतली. ओटिली स्वयंपाकघरात उभी राहून पाव खात होती. खोकला नाही, ताप नाही. सगळं गाव म्हणालं, देव पावला. मीही ढसाढसा रडलो.

पण त्या दिवसापासून ती गायली नाही. मी पियानोवर वसंतगीत धरलं की उठून जायची.

"गा ना गं. चारच तर ओळी."

"आठवत नाहीत, बाबा."

महिनोन् महिने घोकलेल्या ओळी! मी तिचं जेवणं, चालणं, झोपणं चोरून बघायला लागलो. पोटच्या पोरीवर पाळत ठेवायची लाज वाटायची, पण राहवत नव्हतं.

यंदा मी त्या ओळी गाळल्या. मरण बुडवून आम्ही गात परत फिरलो. भर दुपार होती, ऊन पडलं होतं. या वाटेवर जो मागे वळून बघतो, त्याच्याबरोबर मरण गावात येतं असं आमच्याकडे मानतात, म्हणून सगळ्यांच्या माना सरळ. ओटिली माझ्या शेजारून चालत होती. गाण्याच्या मधोमध वृंद श्वास घ्यायला थांबला...

आणि मागून, नदीकडून, कुणीतरी त्या चार ओळी गायला लागलं. एकही सूर चुकला नाही. तो आवाज मी लहानाचा मोठा केला होता.

मी शेजारी पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. माझी मान वळायला लागली, तसा तिनं माझा हात घट्ट धरला.

"मागे बघू नका हं, बाबा..." ती हळूच म्हणाली. "तिला पाण्याची सवय होईल."