बर्फ अंथरलेला पूल

धुक्यातून वाट काढत लोविना छपराच्या पुलात शिरली आणि थबकलीच. आत एक तरुण फावड्यानं फळ्यांवर बर्फ पसरत होता!

“अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? छपराखाली बर्फ?”

“मग घसरगाड्या कोरड्या फळ्यांवरून ओढायच्या?” तो हसला. “मी ऑरिन. हा पूल माझ्या आजोबांनी बांधला. लाकूड कुजू नये म्हणून वर छप्पर घातलं आणि शेवटची खुंटी ठोकताना नदीत पडून गेले. लोक म्हणतात, अजून इथंच फिरतात.”

“मला घाबरवताय?”

“छे! सोबतीला येऊ का, विचारतोय.”

त्या हिवाळ्यात शिवणकामावरून ती परतायची तेव्हा तो हटकून पुलात असायचा. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, कळलंच नाही. एकदा तिनं मागं वळून पाहिलं, आणि त्याची बाहीच धरली. बर्फात पावलं उमटली होती... तिघांची.

“आजोबा आहेत,” ऑरिन म्हणाला खरा, पण तोही तिच्याजवळ सरकला. “नातसून बघायला आले असतील.”

“गप रे!” म्हणाली ती; बाही मात्र सोडली नाही.

मार्चअखेर गोठलेली नदी कुरकुरू लागली. ऑरिन दूरच्या सूतगिरणीत कामाला निघाला होता. शेवटच्या संध्याकाळी पुलात तो म्हणाला, “लोविना, मला...” आणि गप्पच बसला.

“बस असाच!” रुसून ती त्याच्याकडे पाठ करून पुलाच्या भिंतीतल्या फटीशी जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात काठावरून त्याचीच हाक आली — “लोविना, बाहेर ये!”

ती धावली. काठावर कुणीच नव्हतं. मागून, पुलातूनच, ऑरिन धापा टाकत आला.

“तू बाहेरून हाक का मारलीस?” दोघांनी एकदमच विचारलं.

आणि नदी फुटली. घराएवढे बर्फाचे तुकडे आदळले, पूल छपरासकट उचलला गेला, वळणावर कडकडला... आणि दिसेनासा झाला.

बराच वेळ दोघं एकमेकांचे गार हात धरून उभी होती.

“मी हाक मारलीच नाही, ऑरिन.”

“मीही नाही. पण आवाज तुझाच होता. म्हणाला, ‘ये, लग्न करू.’”

“मी? मी असं म्हणेन?”

“नाही म्हणणार?”

अंगावरचा काटा अजून उतरला नव्हता. तरी तिला हसू फुटलं.

“म्हणेन... पण आधी तू म्हण.”

या वेळी तो अडखळला नाही.