पाच नंबरचं दार दुसऱ्यांदा उघडतं

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, मला कोणाची मनधरणी करायची नाही. हितेंद्र माझा सख्खा चुलतभाऊ. बरंचसं त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि शेवटचं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

मागचा मे महिना. नशिराबादच्या अलीकडे, हायवेला लागून, केळी पिकवायचा एक कारखाना आहे. नाव सांगणार नाही.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. जळगावची दुपार, जेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

त्या कारखान्यात आठ बंद खोल्या. आत कच्च्या केळीचे क्रेट रचायचे, दार लावायचं, गॅस सोडायचा. दारं, गॅस, थंडावा, बठ्ठं म्हणजे सगळंच कॉम्प्युटरवर. आत माणूस अडकला तर गुदमरून मरतो. आतून उघडायची कडी केव्हाची मोडलेली. मालकांना नवी गाडी घ्यायचं सुचलं, कडी बसवायचं काही सुचलं नाही.

तो प्रोग्राम लिहिला होता धुळ्याच्या रुपचंद नानांनी. नाना आता हयात नाहीत. म्हणून तो सुधारायला पुण्याहून आमचे हे साहेब, हितेंद्र, आले.

काय तो तोरा! पहिल्याच दिवशी स्क्रीन बघून नाक मुरडलं.

"हा प्रोग्राम आहे की गोधडी?"

नानांनी आठ खोल्यांसाठी तोच मजकूर आठ वेळा लिहिला होता. हितेंद्रने ठरवलं, रिफॅक्टरिंग करायचं. म्हणजे काम तेच ठेवायचं, फक्त आतलं लिखाण नीटनेटकं करायचं. बाहेरून काहीही बदलता कामा नये, हा साहेबांचाच पहिला नियम. तो नियम दुसऱ्यांना शिकवण्यापुरता असावा.

"एकच साचा करायचा आणि आठही खोल्या त्यातून काढायच्या," तो म्हणाला. "याला डिझाईन पॅटर्न म्हणतात, आबा. तुम्हाला नाही कळायचं."

आबा म्हणजे निंबाआबा, तिथले मुकादम. भडगावकडचे, अहिराणी बोलणारे. हाताखाली बायाबापडे बरेच, त्यात त्यांची बहीण कमलबाईसुद्धा.

"भाऊ, बठ्ठं कर," आबा म्हणाले. "फक्त पाच नंबरले हात नको लावू."

पाच नंबरचं लिखाण खरंच वेगळं होतं. दार लागायचं. मग आपोआप परत उघडायचं. थोडा वेळ उघडंच राहायचं... आणि मग शेवटचं बंद व्हायचं. त्यानंतरच गॅस सुटायचा.

"हे कशासाठी?"

"तठे मना धाकला भाऊ शे. पुना. दार लागनं, तो आतमा ऱ्हायना. कोनी उघाडं नही. म्हनीसन नानानी तेनाकरता दार परत उघाडाले लावं. तो बाहेर येस. मंग बंद."

पुना, आबांचा धाकटा भाऊ, त्याच खोलीत अडकून गुदमरून मेला होता. दार दुसऱ्यांदा उघडलं की सगळे पाठ फिरवून उभे राहायचे. कमलबाई तेवढी आत असायची. धाकटा भाऊ एकटा नको, म्हणून दार लागताना ती आतच थांबायची. दुसऱ्यांदा उघडलं की बाहेर यायची.

हे सगळं ऐकून हितेंद्र पोट धरून हसला.

"भुताला यायला-जायला दार? वा रे प्रोग्रामर!"

आणि त्याने तेवढा मजकूर उडवला. आठही खोल्या एका साच्यात. काय सुबक दिसत होतं म्हणे! त्याचा फोटो काढून मित्रांना पाठवला शहाण्याने.

कमलबाई तेव्हा लेकीकडे मुक्ताईनगरला गेली होती.

नव्या प्रोग्रामवर पाच नंबरचं दार लागलं. परत उघडलं नाही.

थोड्या वेळाने...

ठक. ठक. ठक.

आतून.

आबांनी धावत जाऊन बाहेरचा खटका ओढला. आत कोणीच नाही. हिरवी केळी आणि गारठा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा उघडलं, पुन्हा रिकामं.

"जुनं होतं तसं करी दे, भाऊ," आबांनी हात जोडले.

"उन्हाने पत्रा वाजतो, आबा. सारखं उघडून माल खराब करताय. यापुढे वाजलं तरी उघडायचं नाही. कळलं?"

बाया परत क्रेट उचलायला लागल्या. साहेबापुढे कोण बोलणार?

तिसऱ्या दिवशी कमलबाई मुक्ताईनगरहून थेट कामावर आली. आबा जेवायला घरी गेलेले. तिला कोणी काही सांगितलं नाही. ती नेहमीसारखी पाच नंबरमध्ये गेली, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दार लागलं.

आणि मग जे ठोकणं सुरू झालं... पत्रा फाटेल असं. हितेंद्रने केबिनमधून काचेतून बघितलं. बाया त्याच्याकडे बघत होत्या. त्याने नको म्हणून मान हलवली, आणि हेडफोन कानाला लावले. हेडफोन लावले हो, निर्लज्जाने!

आबा जेवून आले. पाच नंबरच्या दाराबाहेर बहिणीच्या चपला दिसल्या. तेवढं पुरे होतं. त्यांनी खटका ओढला.

कमलबाई दारापाशी नव्हती. पार मागच्या भिंतीला, क्रेटांच्या आड पडलेली होती. बेशुद्ध. पण जिवंत.

मला फोन आला, मी आधी दवाखान्यात गेलो. ती शुद्धीवर आली होती. मी विचारलं, एवढा वेळ तुम्ही दार ठोकत होतात?

तिने नाही म्हणून मान हलवली. एकदाही ठोकलं नाही म्हणाली. ठोकायला निघाली, तर पुनाने हात धरला. मागे नेऊन बसवलं. म्हणाला, "अक्का, ठोकू नको. या लोके उघाडतस नही. मनाकरता बी नही उघाडं."

 मग दार वाजवत कोण होतं?

तिथून मी कारखान्यात गेलो. हितेंद्र अजून खुर्चीतच होता. तो जागचा हलला नव्हता, सगळ्या बायांनी काचेतून बघितलं होतं.

त्याचे हात कीबोर्डवर होते. कीबोर्ड लाल झाला होता.

दोन्ही हातांच्या पेरांची सालं निघालेली, दार ठोकून ठोकून निघावीत तशी. डेटॉल मीच लावलं. त्याने हातसुद्धा मागे ओढला नाही.

पुढे त्याच हातांनी त्याने नानांचा जुना प्रोग्राम जसाच्या तसा परत टाकला. पाच नंबरचं दार आता रोज दुसऱ्यांदा उघडतं. कारखाना नीट चाललाय. मला मात्र अजून नीट झोप लागत नाही.

कारण डेटॉल लावताना मी त्याला विचारलं होतं, "दुखत नाही का रे?"

हितेंद्र पुण्यात वाढलेला. त्याला अहिराणीचं एक वाक्य बोलता येत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला,

"इतलं ठोकं, भाऊ... तरी कोनी उघाडं कसं नही?"