हाइनो ब्राकरची होडी

दिवा मंदच राहू दे रे, आणि चहा निवायच्या आत घ्या. ही गोष्ट आपल्या फोक्को हार्बर्ट्सची. इथे विल्हेल्म्सहाफेनच्या बंदरात लाँच चालवतो तोच. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून मी एक थाप ऐकलेली नाही.

दोन वर्षांमागची, नोव्हेंबरातली शनिवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाचा रविवार. सातच वाजले होते, पण अंधार मिट्ट आणि धुकं दाट. फोक्कोला काम साधंच होतं. माजी नौसैनिकांच्या मंडळाच्या अध्यक्षाला खाडीच्या तोंडाशी तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत न्यायचं, त्याने फुलांचं चक्र पाण्यात सोडायचं, आणि परत यायचं.

अध्यक्ष म्हणजे गेरोल्ड ग्राशोफ. काय सांगू तुम्हाला या गृहस्थाबद्दल! आरमारात होता, हे खरं. बारा वर्षं किनाऱ्यावरच्या गोदामात बसून मोजे आणि बनियन वाटत होता. पण त्याचा आजोबा 'हाइनो ब्राकर' या जर्मन विनाशिकेचा कप्तान, आणि तेवढ्या भांडवलावर नातू जन्मभर छाती फुगवून हिंडला. दरवर्षी मंडळात त्या जहाजाची दुसऱ्या महायुद्धातली कामगिरी वाचून दाखवायचा. चांगला पाऊण तास! ऐकणाऱ्याला वाटावं, अख्खं इंग्रज आरमार याच एका जहाजाला टरकून होतं. कसली डोंबलाची कामगिरी? अर्धं आयुष्य गोदीत गेलं, कारण बॉयलरच्या नळ्या फुटायच्या. एकदा आपल्याच विमानांनी त्याच्यावर बॉम्ब टाकले. शेवटी नॉर्वेच्या एका खाडीत तेल संपलं, तोफगोळे संपले, तेव्हा खडकावर चढवलं आणि सगळे डोंगरात पळाले. झालं यांचं युद्ध.

एक प्रसंग मात्र तो घाईघाईने वाचायचा. चाळीस सालच्या फेब्रुवारीत, इथेच बाहेर, पहाऱ्याची एक बोट सुरुंगावर गेली. बुडणाऱ्यांना उचलायला 'ब्राकर'ने वल्ह्यांची होडी खाली सोडली. सात माणसं त्यात. तेवढ्यात पाणबुडी दिसली म्हणून कुणी ओरडलं आणि जहाज भरधाव निघून गेलं. परत आलंच नाही. बंदरात येऊन कप्तानाने सांगितलं, सातही जण होडी घेऊन हॉलंडला पळाले. हॉलंड तेव्हा युद्धात नव्हतं, त्यामुळे ते खपलं. त्यांच्या बायकांना पेन्शन मिळालं नाही, आणि पुढे मंडळाने उभारलेल्या स्मारकाच्या पितळी पाटीवर त्यांची नावं आली नाहीत.

त्या सातांत रेन्ट पोपेन होता, फोक्कोच्या आईचा बाप. आई, म्हणजे गेझिन, तो गेल्यावर तीन महिन्यांनी जन्मली. शाळेत तिला पळपुट्याची पोर म्हणायचे. आता ऐंशी उलटलेली बाई, मरायच्या आत बापाचं नाव पाटीवर दिसावं, एवढंच तिचं मागणं. कितीदा ग्राशोफच्या दारात गेली. या शहाण्याने तिला दारातूनच घालवली, आत या म्हणायचीसुद्धा दानत नाही.

त्या संध्याकाळी लाँचवर फोक्कोने पुन्हा विषय काढला. अगदी नरमाईने.

"आईला सांग, पाटीवर जागा नाही," ग्राशोफ म्हणाला. "पळपुट्यांना तर मुळीच नाही."

फोक्कोने राग गिळला. बोयाजवळ त्याने यंत्राचा वेग उतरवला. ग्राशोफने चक्र पाण्यात सोडलं. ओहोटीची ओढ जोरात होती, पण चक्र हललं नाही. जागीच थांबलं.

आणि धुक्यातून हाक आली.

"अहोय, होडी!"

आरमाराचा जुना रिवाज आहे हा. अंधारात येणाऱ्या होडीला पहारेकरी हाक मारतो, आणि उत्तरावरून आत कोण ते ओळखतो. साधे खलाशी असले तर 'नाही, नाही' म्हणायचं. अधिकारी असला तर 'हो, हो'. आणि उत्तरात जहाजाचं नाव आलं, तर समजायचं, खुद्द कप्तान होडीत आहे.

फोक्को 'नाही, नाही' म्हणणारच होता. पण ग्राशोफला वाटलं, मंडळातलेच कुणीतरी गंमत म्हणून दुसरी बोट घेऊन आलेत. मोजे वाटणारा हा माणूस उठला, टोपी नीट केली आणि ऐटीत ओरडला,

"हाइनो ब्राकर!"

धुक्यात शिट्टी वाजली. लांब, चढती... मग उतरती. कप्तान जहाजावर येतो तेव्हा वाजवतात तशी.

मग काही नाही.

मग लाँच डावीकडे कलली. थोडी. पुन्हा थोडी. काठाला कुणी लोंबकळावं तशी... एकामागून एक. दिसत कुणीच नव्हतं. थंडी मात्र हाडांत शिरली.

"कप्तान..." अगदी जवळून आवाज आला. "हुकूम?"

ग्राशोफची पाचावर धारण बसली. तो फोक्कोच्या दंडाला झोंबला.

"चालव! पुढे घे... सोड त्यांना!"

शब्द नातवाचे, हुकूम आजोबाचा.

फोक्कोने यंत्र बंद केलं. भीती त्यालाही होती, पोरांनो. पण तो म्हणाला, "लाँच माझी आहे. मी कुणाला टाकून जात नाही. त्यांना खरं सांगा."

लाँच आणखी कलली. पाणी काठाला टेकलं.

"ते पळाले नव्हते," ग्राशोफ कसाबसा बोलला. "आजोबा मरताना म्हणाले होते... जहाज वळवता आलं असतं. वळवलं नाही."

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून त्या बाईला दारातून घालवत होता. थुंकावंसं वाटतं, खरंच.

लाँच हळूहळू सावरली. यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं.

धक्क्यावर मंडळी मशाली घेऊन उभी होती. गेझिनही होती. जमिनीला पाय लागताच ग्राशोफला कंठ फुटला. त्याने जाहीर केलं, की नवी माहिती हाती आली आहे आणि सातही नावं पाटीवर जातील. जणू पदरचं दान देतोय. आजोबाबद्दल अवाक्षर नाही.

"माहिती जुनीच आहे, गेरोल्ड," गेझिन म्हणाली.

नावं लागली. तिने रेन्टच्या नावावरून बोट फिरवलं, तेव्हा मी शेजारी होतो, माझेही डोळे भरून आले.

पण त्या रविवारच्या सकाळचं सांगायचं राहिलं. उजाडल्यावर फोक्को आईला लाँचपाशी घेऊन गेला. डाव्या काठावर, जिथे तो स्वतः उभा होता तिथे, बाहेरून घट्ट धरलेल्या हातांचे ठसे होते. काळ्या, चिकट जहाजी तेलाचे. तसलं तेल या बंदरात कित्येक वर्षांत कुणी जाळलेलं नाही. मोजले तर चौदा; सातही माणसांचे हात एकमेकांना खेटून होते.

उजव्या काठाला ग्राशोफ बसला होता. तो काठ कोरा होता. तिकडे एकानेही हात लावला नव्हता.